बरणीतले भाविक

२० डिसेंबर, येळवस (वेळ अमावस्या)
खजुरी गावी ओळखीच्या इरप्पाच्या शेतात जेवण. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आंबील, वर चार भाकऱ्या. ज्वारीच्या उभ्या ताटावर प्रार्थनाकीटकाच्या, म्हणजे हात जोडून बसणाऱ्या किड्याच्या, अंड्यांचं घर सापडलं, वाळक्या फेसासारखं. ताट मोडून घेतलं, घरी बरणीत ठेवायला. साहेब, हे कामून न्यायलाव, असं इरप्पानं विचारलं. पाळायला, म्हणालो. पोट धरून हसला. छंदाची कदर कुणाला नाही.

२१ डिसेंबर
जयंतीची अट: एक जरी किडा घरात मोकळा दिसला, तर बरणी आणि नवरा दोघंही गच्चीवर. बायको मी मागे पाळलेल्या सशाचं प्रकरण अजून विसरलेली नाही. बिनधास्त कबूल केलं. फार तर दोन पिल्लं निघतील. बरणीच्या तोंडाला हवा खेळेल असं कापड हवं, म्हणून मच्छरदाणीचा कोपरा कापला. जिथून डास जात नाही तिथून किडा काय जाणार? साधं सायन्स आहे.

५ जानेवारी
आजपासून रोज दोनदा निरीक्षण. नियम म्हणजे नियम.

१४ जानेवारी
संक्रांत. निरीक्षण उद्यापासून.

२३ जानेवारी, सकाळ
आज जयंतीचं हळदीकुंकू. अर्धं चिटगुप्पा गाव येणार. बरणी गच्चीवर ठेवा, अशी सक्त ताकीद. पण वर गार वारं. हॉलमध्येच वाणाच्या डब्यांमागे लपवली. कुणाला कळणार नाही.

२३ जानेवारी, संध्याकाळ
निघाली! दोन नव्हे, शंभर तरी. मुंगीएवढी, जाळीतून आरामात बाहेर. आधी तिळगुळात, मग शेजारच्या अक्कम्मांच्या अंबाड्यात. अय्यो, डोक्यात काय वळवळायलंय, म्हणून त्या किंचाळल्या. वाण टाकून सगळ्या अंगणात. सासूबाई तेवढ्या शांत. म्हणाल्या, हात जोडून उभी हायत बिचारी, त्यांनाही तिळगुळ द्या की. जयंतीनं गच्चीचं दार उघडून ठेवलं. म्हणजे रागावलेली नसावी.

२४ जानेवारी
मुक्काम गच्चीवर. खरं तर माझीच कल्पना, मोकळी हवा तब्येतीला बरी. जयंतीनं गादी स्वतः वर आणून टाकली. एवढं प्रेम कोण करतं?

२५ जानेवारी, पहाट
झोप नाही. मच्छरदाणी तीच मिळाली, कोपरा कापलेली. चुकून दिली असेल.
आत्ता एक पिल्लू भोकाच्या कडेला हात जोडून बसलंय. लळा लागला, आणखी काय! समोरून डास आला. आता शिकार बघायची म्हणून चष्मा लावला.
पिल्लू पळालं. डास आत आला.