कापडावरचा किनारा

रविवार, २० जानेवारी १९८०
आठपैकी सहा ओळी. अंतर दहा फूट, फक्त उजवा डोळा. डावा गेलेलाच आहे.
नागपूरचे डॉक्टर म्हणाले — काचबिंदू. उजवा डोळा फार तर पावसाळा संपेपर्यंत टिकेल. मी कचेरीतल्या ड्रॉइंग शीटवर अक्षरांचा तक्ता काढून मागाच्या खोलीत लावला. दर रविवारी बाबांकडून वाचून घेणार. मोजल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही.
त्याआधी त्यांना समुद्र दाखवायचा. चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणली. लांब म्हणजे नागपूर, तेही सूत आणायला.
मला स्वतःला समुद्राची हौस नाही. हे बाबांसाठी.

बुधवार, ३० जानेवारी
भय्याजींनी ट्रेसिंग कापडाचा एक तुकडा दिला. हे आमचे हेड ट्रेसर, कचेरीत एकटेच सरळ बोलतात. "धरणाचे नकाशे काढू काढू कटाळली असशीन, घे. समुद्र काढ!"
काढते आहे. भंडारा रोडहून मुंबई. तिथून बोटीने रत्नागिरी. मग एस.टी.ने उत्तरेला जयगड, गुहागर, पुढे तरीतून, म्हणजे नावेतून, खाडी ओलांडून दाभोळ, दापोली, हर्णै. डोंगर थेट पाण्यात उतरतात. मध्ये मैलोगणती वस्ती नाही, नुसतं रान. मग अचानक एखादं बंदराचं गाव. भरती-ओहोटीच्या वेळाही मागवल्या आहेत. बारा दिवस.
बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कापडाचं टोक बोटांत चोळलं. "सूत बारीक हाये. खळ जास्त झाली." नकाशाबद्दल अक्षर नाही! म्हटलं, नकाशा बघा. म्हणाले, "पाहून राहिलो ना. हे रान आपल्या नागझिऱ्यावानी दाट रायते का?"

शनिवार, ९ फेब्रुवारी
रजा नामंजूर. साहेब म्हणाले, मार्चअखेर डोक्यावर आहे, आणि लेडीज स्टाफला फिरायला कधीपासून सुचायला लागलं? सगळे हसले. भय्याजी हसले नाहीत, पण बोललेही नाहीत.
मी परत येऊन रेघा मारल्या. एकही वाकडी नाही.

रविवार, ९ मार्च
सहा ओळी. तशाच सहा! डोळ्यात घालायच्या थेंबांचा गुण येतो आहे. डॉक्टरांना लिहिलं.
दादाला प्रवासाचं सांगितलं तर तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "बुढ्याचे डोळे जाऊन राहिले अन् हिले समुद्र सुचते. लोक काय म्हनतीन, पोरगी बापाले घेऊन बोंबलत फिरते?" दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लग्न झाल्यापासून चाळीस वर्षांनी मोठा.
बाबा म्हणाले, "मधुकर, जाऊ दे तिले."
तिले! मला नाही, तुम्हाला जायचं आहे, बाबा.

गुरुवार, १७ एप्रिल
मार्चअखेरनंतर मिळालेली एप्रिलची रजा स्वतः रद्द केली. कारण — तुमसरहून स्थळ आलं होतं. दादाने तारीख माझ्या प्रवासाच्या दिवशीच दिली. चुकून म्हणतो.
पोहे, पाट, मान खाली. मुलाच्या मामाने विचारलं, ट्रेसर म्हणजे काय करते? मी म्हटलं, दुसऱ्याने काढलेल्या रेघेवरून रेघ. "मंग ते सोडून देता येते ना?" म्हटलं, येतं. मुलगी पाहणं पण सोडून देता येतं.
ते चहा न पिता गेले. दादा तेव्हापासून बोलत नाही. बरं आहे.

सोमवार, २८ एप्रिल
रजा मंजूर! १५ मेपासून. त्यानंतर आठवड्याभरात पावसाळ्यासाठी बोटी बंद होतात. आता नाही तर नाहीच.

मंगळवार, ६ मे
कचेरीतून आले तर दोरीवर नकाशा वाळत होता. म्हणजे कापड. नकाशा नव्हता. रत्नागिरी नाही, हर्णै नाही, तरीच्या वेळा नाहीत. पांढरंशुभ्र, मलमलीसारखं.
वहिनीला सातवा महिना. ती खूश! "खळीचं होतं जी, म्हनून ऊन पान्यात भिजवलं. केवढं मऊ निंघालं पाहा! रेघा होत्या, त्या बी गेल्या. बाळाले दोन झबले होतीन."
विणकराच्या घरात कडक कापड दिसलं की त्याची खळ काढतात. रेघा कोण बघतं? तीन महिन्यांचं काम. मी म्हटलं, तुम्हाला डोळे नाहीत का? वहिनी रडायला लागली. दादा धावून आला. बाबा मागावर होते, त्यांचा धोटा थांबला. परत सुरू झाला नाही.

बुधवार, ७ मे
वहिनीशी बोलले नाही. ती माझ्या ताटात दोनदा भाजी वाढून गेली.
बाबांनी हाक मारली. "बस, बाई. मी सांगतो, तू काढ." आणि सांगितलं! सगळं. बोट किती वाजता, कोणती खाडी तरीतून ओलांडायची, कुठे मुक्काम. कुठेही अडले नाहीत. मी दोन-तीनदाच वाचून दाखवलं असेल.
एवढी आठवण कशाला लागते माणसाला — हा विचार आला होता. सोडून दिला.

शनिवार, १० मे
भय्याजींकडून दुसरा तुकडा आणला. बाबांच्या खाटेवर ठेवला आणि शाई शोधायला आत गेले.
बाहेर आले तर कापड त्यांच्या मांडीवर. बोटं फिरवत होते. "झाला का? यावेळेस बेस काढला. किनारा कसा साफ आला पाहा."
कापड कोरं होतं.

रविवार, ११ मे, सकाळी
भिंतीवरचा तक्ता काढून घेतला. बाबांना नेहमीच्या जागी बसवलं. म्हटलं, वाचा.
मोकळ्या भिंतीकडे बघून त्यांनी सहा ओळी म्हटल्या. सातवीला थांबले, डोळा बारीक केला. "हे नाही दिसत."
सोळा रविवार. तक्ता मी एकदाही बदलला नव्हता. कचेरीत कोणी अशी मोजणी आणली असती तर मी कागद परत केला असता.

रविवार, ११ मे, दुपारी
विचारलं, कधीपासून?
"शिमग्यापासून."
मग येतो कशाला म्हणालात? काय दिसणार होतं तुम्हाला तिथे?
"मले काय पाहाचं हाये, माय. तुले पाहाचा होता ना समुद्र."
मी हे कधीच म्हटलं नव्हतं. या वहीतसुद्धा नाही.