पंगतीतून उठवलेला माणूस

प्रिय हरिओम,

कार्यक्रमातून मी कुणाला न सांगता निघून आले, तेव्हापासून तुझे फोन येतच आहेत. मी मुद्दाम उचलले नाहीत. बोलायला लागले असते तर ओरडले असते, आणि आईचं बीपी वाढलंय म्हणून तू ते सोडून दिलं असतंस. म्हणून लिहिते आहे. गाडीत बसून वाचू नकोस. दार लाव आणि शेवटपर्यंत वाच.

तुझ्या बियाण्यांच्या कंपनीचा वर्धापनदिन. डोक्याला केशरी रुमाल बांधून तू स्टेजवर उभा होतास. मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत सेवा, संगत, चढदी कला. शीख धर्माकडून उद्योजकांनी काय शिकावं, यावर तू सुरेख बोललास. माझ्या शेजारची बाई म्हणाली, किती संस्कार आहेत हो मुलावर. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग बियाण्याच्या शेडमध्ये लंगर. कामगार रांगेनं खाली बसले, तू वरणाची बादली घेऊन वाढत निघालास आणि फोटोवाला तुझ्यापुढे उलटा चालत राहिला. तेवढ्यात, तू कामावरून काढलेला गोरक्षनाथ आला. रांगेच्या टोकाला, डावा हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवून बसला. त्याच्या ताटात पोळी पडली होती. तू वॉचमनकडे नुसतं पाहिलंस. वॉचमन त्याला म्हणाला, "ऊठ रे, तू न्हाई आता इथला." आणि गोरक्षनाथ काय म्हणाला, ऐकलंस का? "वाढून झालंय दादा. खातो, मंग उठतो की." त्याला दंडाला धरून उठवलं. पोळी ताटात तशीच राहिली. नंतर तू माइक घेऊन म्हणालास, काही लोक दुखण्याचं भांडवल करतात, खरा माणूस चढदी कलेत राहतो, हसत उभा राहतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे शब्द तू कुठून घेतलेस? माझ्याकडून. लहानपणी तुला ताप आला की मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या, जसबीरच्या, वडिलांच्या गोष्टी सांगायची. टेंभुर्णीहून जालन्याला कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर आले, तेव्हा रडून रडून माझे डोळे सुजले होते. जसबीरनं रविवारी मला तिच्या घरी नेलं आणि तिथून गुरुद्वाऱ्यात. दारजींचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, ट्रकचं मोठं गॅरेज होतं. तिथे ते मालक. गुरुद्वाऱ्यात मात्र दाराशी बसून आल्यागेल्याच्या चपला पुसायचे. त्यात माझ्या शाळेचे धुळीनं भरलेले बूटही असायचे आणि मी लाजेनं मेल्यासारखी व्हायची. एकदा कुणी बडा साहेब आला. खाली बसायला त्याला जड जात नव्हतं, कमीपणा वाटत होता. खुर्ची आहे का, म्हणाला. दारजी हात जोडून म्हणाले, "साब, यहाँ सब नीचेच बैठते. ऊपर तो सिर्फ पंखा है." साहेब बसला. दोन्ही हात पुढे करून पोळी घेतली, माझ्यासारखीच. त्या पंगतीत कोण कुठला, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. कुणाला उठवल्याचं तर नाहीच नाही.

आणि चढदी कला! त्या शब्दाचं तू जे केलंस त्यानं माझं डोकं फिरलं आहे. दारजींचं गॅरेज जळालं, ती गोष्ट तुला पाठ होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी धावत गेलो, तर राखेत स्टोव्ह पेटवून दारजी सगळ्यांसाठी चहा करत होते. जसबीरला म्हणाले, चढदी कला, पुत्तर, म्हणजे मन पडू द्यायचं नाही. इतकंच तू भाषणात सांगितलंस. पुढचं गाळलंस. त्यांचा मेकॅनिक कोपऱ्यात बसून रडत होता, त्याची सगळी हत्यारं आत जळाली होती. दारजींनी त्याला चढदी कला ऐकवली नाही. घरून आपल्या पान्यांचा डबा आणला, त्याच्या पुढ्यात ठेवला आणि तो रडायचा थांबेपर्यंत शेजारी बसून राहिले. हरिओम, ती कला माणसानं स्वतःच्या दुखण्यावर वापरायची असते. दुसऱ्याच्या दुखण्यावर ती बोलून दाखवणं, तेही ते दुखणं आपण दिलेलं असताना, याला माझ्याकडे निर्लज्जपणा हा एकच शब्द आहे.

काल मी पिंपळगाव रेणुकाईला जाऊन आले. गोरक्षनाथ ओट्यावर बसला होता. काकू, बसा म्हणाला, आणि सवयीनं डावा हात पाठीमागे लपवला. तुझी पहिली मशीन आली तेव्हा हाच पोरगा तुझ्याबरोबर पोत्यांवर झोपायचा, माझ्या हातची भाकरी तुम्ही दोघं एका ताटात खायचात. त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं, चहा दिला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "साहेबांनी लई चांगलं सांगितलं म्हणं, हसत ऱ्हायाचं. आम्ही हसून राह्यलो काकू. फकस्त दोन बोटांनी म्हशीची धार कशी काढायची, तेवढं त्यायला पुढच्या भाषणात सांगायला लावा." गोरक्षनाथ तिला रागावला. तो तिला रागावला, तुला नाही! तू त्याच्यावर ठपका ठेवलास की मशीनच्या पट्ट्यावरची संरक्षक जाळी त्यानंच काढली, बोटं त्याच्याच चुकीनं गेली, आणि कामावरून काढलंस. तरी तो म्हणतो, शेठच्या डोक्याला ताण असंल.

अपघातानंतर तू मला विचारलं होतंस, "आई, तू त्या दिवशी शेडमध्ये नव्हतीस, बराबर?" मी तुझं ताट वाढायला घेतलं. तू पुन्हा विचारलं नाहीस. मी तिथेच होते, हरिओम. जिन्यावर, तुझा डबा हातात घेऊन. बाहेर ट्रक उभे होते, मशीन सारखी अडकत होती, गोरक्षनाथ नको म्हणत होता, आणि तू ओरडलास, काढ ती जाळी, जल्दी कर. तो माझ्या पोराचा आवाज होता. मी चुकणार नाही. गोरक्षनाथनं तक्रार दिली आहे, आणि उद्या कामगार अधिकाऱ्यांपुढे त्याची सुनावणी आहे. मी त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला येते आहे. हे तुला तिथे सगळ्यांसमोर कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र आजच हातोहात पाठवते आहे. अजून रात्र तुझ्या हातात आहे. माझ्या आधी तू उठून ते सांगितलंस, तर मी एक शब्दही न बोलता तुझ्या शेजारी येऊन बसेन. नाही सांगितलंस, तर मी सांगेन. आणि तेव्हा माझ्याकडे बघ, मान खाली घालू नकोस.

तुझ्यावर इतकी रागावलेली, तरीही तुझीच,
आई