कापडाआडची प्रॅक्टिस

नारपोली, भिवंडी
ता. ११ डिसेंबर २०२५, मार्गशीर्षातला गुरुवार

चि. माधवी हिला आक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तूही पडघ्याला बरी असशील, हॉस्पिटलची ड्युटी चालू असेल. अक्षराला हसू नको. चौथीनंतर पेन हातात धरलं ते रेशनच्या दुकानात सही करायला तेवढं. सहा वर्षांनी सासूचं पत्र आलं म्हणून घाबरू नको. घाबरायचं काम इकडे मी करतेच आहे. म्हणजे तसं काही नाही. आधी चांगलं सांगते.

तुझी हेमाली फुटबॉल खेळते हे तुझ्या कानावर आलं असेलच. पण कशी खेळते ते तुला कोण सांगणार? मी सांगते. कॉलेजच्या टीमची कॅप्टन आहे बाय ती! बॉल तिच्या पायाशी असा राहतो जसं शेळीचं करडू आईला सोडत नाही. आणि वरून आला की ही उडी मारते, कपाळाने असा हाणते की गोलातली पोर बघतच राहते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उभी राहून ओरडले, चप्पल कुठच्या कुठे गेली. रविवारी ठाण्याला फायनल आहे, मुंबईच्या कॉलेजबरोबर. आपल्या कॉलेजच्या मुली फायनलला पहिल्यांदाच.

सागरचं तर विचारू नको. तोच सागर, "पोरीनं चड्डी घालून खेळायचं न्हाय" म्हणणारा! आता नाक्यावर बॅनर लावलाय. त्यात हेमालीचा फोटो पपईएवढा आणि स्वतःचा फणसाएवढा. मी म्हटलं, "मेल्या, गोल तू मारतोस की ती?" तर म्हणतो, "आये, बाप मीच हाय ना." पण त्याची अटही आहे. हात नाहीतर पाय, काहीही मोडलं तर त्या दिवसापासून खेळ बंद, कॉलेज बंद, आणि कशेळीचं जे स्थळ सांगून आलंय त्याला होकार. तो बोलतो ते करतो, तुला मी काय सांगणार.

तर मी रोज प्रॅक्टिसला जाते. बाहेरच्या माणसाला आत जायची बंदी आहे, पण मला आहे परवानगी, कारण पडदा मी शिवलाय. कसला पडदा ते ऐक.

मोबाइलवर बातम्या देणारा एक मितेश आहे, आपल्या केसरीनाथाचा पुतण्या. गळ्यात कार्ड, हातात काठीला लावलेला फोन. मागच्या वर्षी दौलत सर, म्हणजे यांचे कोच, त्याला मैदानात येऊ द्यायचे. त्याने काय केलं? सेमीफायनलच्या आदल्या दिवशी दाखवलं, "कॅप्टन हेमालीचा डावा घोटा सुजलेला आहे, खेळणार की नाही?" झालं. समोरच्या टीमने बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या मिनिटापासून त्याच घोट्यावर लाथा. हरलो. पोर लंगडत घरी आली.

तेव्हापासून सर म्हणाले, पत्रकार बंद. मैदानाला नुसती तारेची जाळी आहे, बाहेरून सगळं दिसतं. मग आपल्या नारपोलीच्या कारखान्यातलं डागी कापड आणलं, जे व्यापारी परत करतो ते, आणि मी मशीनवर पट्टे जोडून जोडून लांबच लांब पडदा शिवला. चारी बाजूंनी बांधला. गेटला मी स्वतः लिंबू-मिरची बांधली. पोरी टाळ्या वाजवत होत्या. मला तर पटलंच होतं सरांचं. एवढ्या वयातल्या पोरी, घामाने निथळलेल्या, आणि सगळ्या गावाने मोबाइलवर बघायचं? दृष्ट लागणार नाही तर काय होणार?

मितेश मात्र रोज येतो. सोमवारी सरांशी त्याची जुंपली, मी चहा ओतता ओतता ऐकत होते.

"सर, पब्लिकला कळायला नको का?"

"रविवारी कळेल. तिकीट न्हाय, काय न्हाय. ये बघायला."

"मॅचला सगळे हसूनच फोटो देतात सर. कोणाला काय लागलंय, कोणाला दामटून खेळवताय, ते प्रॅक्टिसलाच दिसतं."

"म्हणजे मी दामटून खेळवतो?"

"मी कुठं बोललो? पण बघणारा कोण हाय आत? तुम्हीच कोच, तुम्हीच पंच!"

मग माझ्याकडे वळला. "आक्का, तुम्ही तरी सांगा. तुम्ही आत बसून चहा पिता, मी काय दुश्मन हाय?"

मी म्हटलं, "तुझ्या पोटात काय राहतं का रे? घोटा दाखवलास तो विसरले न्हाय मी. तुझा तो फोन काळा, नजर त्याहून काळी. चल निघ!" पोरी हसल्या. सर हसले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू, जशी मीच गोल मारला.

आता चहा ठेवून येते. थांब.

आले. आज गुरुवार ना, घट मांडलाय. सकाळपासून उपास आहे, म्हणून अक्षर आणखी बिघडतंय. उपासानेच बिघडतंय ते. तुला तरी खोटं कशाला सांगू, उपासाने नाही.

माधवी, मंगळवारी हेमाली पडली.

कॉर्नरवरून बॉल आला, ही डोक्याने मारायला उडाली आणि गोलातली रीमा बॉल धरायला. दोघींची डोकी आपटली. आवाज असा आला, दोन नारळ एकमेकांवर आपटावेत तसा. रीमा बसली, रडायला लागली. आपली मात्र पडून राहिली. डोळे उघडे होते गो, पण त्यात कोणी नव्हतं. मी धावले. मला धावता येतं हे मलाच माहीत नव्हतं. पोरींनी पाणी मारलं. आणि सर? सर गेटवर होते, पाठ करून. मितेशने पडद्याची कडा उचलली म्हणून त्याच्याशी भांडत होते. त्यांनी बघितलंच नाही. ते येईपर्यंत ही उठून बसली होती, हसत होती.

मला म्हणाली, "आक्का, गोल झाला का?"

मी म्हटलं, "झाला बाय, झाला." पोरी हसल्या, मीही हसले. सरांनी विचारलं काय झालं, तर सगळ्या म्हणाल्या, काही नाही सर, घसरली. पायावर उभी राहिली. थोडं पळली. मग माझ्याजवळ येऊन परत विचारलं, "आक्का, गोल झाला का?" पाणी पिऊन झाल्यावर परत.

रिक्षात तिने माझा हात घेऊन स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "आक्का, तोंडातून एक शब्द काढायचा न्हाय. बाबांना न्हाय, सरांना न्हाय, कोणाला न्हाय. तुला माझ्या गळ्याची शपथ." मी म्हटलं, अगो, शपथ कशाला? तर म्हणाली, "रविवारपर्यंत. एवढंच माझं हाय आक्का. मग तुम्ही म्हणाल तिकडे द्या मला."

अशी शपथ मोडली तर काय होतं ते तुला माहीत आहे. गळा तिचा आहे. मी कशी बोलू? फोन लावायचा तर तोही तीच लावून देते. म्हणून लिहिते आहे. तोंडातून काढलेलं नाही मी, देव बघतोय. पेनातून काढलंय.

घरी येऊन मी काय केलं असेल? डॉक्टरकडे नेली नाही. दृष्ट काढली. मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या, उतरवून तव्यावर टाकल्या. आणि ठसका लागला नाही. मिरच्या जळून कोळसा झाल्या, पण ना मला खोकला, ना तिला. म्हणजे केवढी मोठी दृष्ट! मितेशचीच, पडद्याची कडा उचलून लावलेली. माझा जीव भांड्यात पडला. कारण सापडलं, उतारा झाला. त्या रात्री मी गाढ झोपले बघ.

काल सकाळी तिने उलटी केली. मी म्हटलं पित्त असेल. मग म्हणाली, खिडकी लाव, उजेड टोचतो. मग दोन्ही कानांवर हात ठेवून बसली. "आक्का, त्यांना सांग ना कारखाना बंद करायला." माधवी, ही पोर त्या लूमच्या खटखटीत जन्मली. तूच म्हणायचीस, वीज जाऊन लूम थांबले की ती पाळण्यात रडायला लागते. तिला तो आवाज सहन होईना. तरी संध्याकाळी शूज घालून निघाली. मी तिच्यामागे. काल नुसतं पळायचं होतं, डोक्याने मारायचं नव्हतं, म्हणून निभावलं. तीन वेळा खांबाला धरून उभी राहिली. मी मोजत नव्हते, पण डोळे दुसरीकडे जाईनात.

सर विचारतात, "हेमाली, ठीक ना?" ती म्हणते, "एकदम सर." सर वाईट माणूस नाहीत. त्यांच्या पोरींवर त्यांचा जीव आहे. पण जो दिवसभर बाहेरच्यांचे डोळे अडवतो त्याचं आत किती लक्ष राहणार?

कालपासून मनात उलटसुलट येतंय. मंगळवारी तो मितेश आत असता, तर ती पडलेली त्याच्या फोनमध्ये आली असती, सरांनी बघितली असती, तिला कोणी पळू दिलं नसतं. मग वाटतं, आणि सगळ्या भिवंडीनेही बघितली असती, वर गाणं लावून. मुंबईच्या पोरींनी तिच्या डोक्यावरच नेम धरला असता, मागे घोट्यावर धरला तसा. सागरने त्याच संध्याकाळी कशेळीला नारळ पाठवला असता. मला काही ठरवता येत नाही. एवढं मात्र खरं, आत मी होते. माझ्या डोळ्यांसमोर झालं. आणि मी तव्यावर मिरच्या टाकल्या.

आता आज सकाळचं सांगायचं राहिलं. ते सांगितलं नाही तर पत्र लिहिलं कशाला.

मी घटाची पूजा करत होते. हेमाली तेलाची बाटली आणि कंगवा घेऊन आली आणि माझ्यासमोर पाठ करून पाटावर बसली. मी म्हटलं, काय गो? तर म्हणाली, "आई कुठं गेली? माझी वेणी राहिली ना, शाळेची बेल होईल."

माधवी, तिचे केस कानापर्यंत आहेत. टीममध्ये गेली तेव्हाच कापले. आणि वीस वर्षांची आहे ती.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मागच्या बाजूला, कानाच्या वर, टेंगूळ लागलं हाताला, गरम. मी म्हटलं, "येते हा तुझी आई. आत्ता येते." तिने कंगवा मागे माझ्या हातात दिला. मग दचकून मागे बघितलं, कंगव्याकडे बघितलं, हसली. "फसवलं की न्हाय आक्का तुला?" म्हणाली. पण मी तोंड बघितलं ना तिचं. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती.

तू आणि सागर, त्यात कोणाचं काय चुकलं ते आज नको. तू नर्स आहेस. डोक्याला मार लागला तर काय करायचं, कुठला फोटो काढायचा ते तुला कळतं. आणि तू तिला खेळ सोडायला लावणार नाहीस, एवढं मला तुझं माहीत आहे. तू स्वतः काही सोडलं नाहीस कधी. तिला मैदानावरून उचलायचं ते दवाखान्यात न्यायला, बोहल्यावर चढवायला नाही, हे सागरला तोंडावर सांगणारं माणूस आपल्या घरात दुसरं कोणी झालं नाही.

आजच ये. आज पाच वाजता प्रॅक्टिस आहे आणि आज डोक्यानेच मारायचं आहे, सरांनी कालच सांगितलंय. मी काय तिला दाराला कडी लावून ठेवू? लावून बघितली. खिडकीतून गेली असती. हे पत्र चंद्राच्या हाती देते. त्याचा टेम्पो एक वाजता पडघ्याच्या गोडाऊनला निघतो, त्याला सांगितलंय, माल नंतर उतरव, आधी हॉस्पिटलला जा, माधवीताई कुठे ते विचार, हातातच दे. त्याच टेम्पोत बसून आलीस तरी चालेल. मळका आहे, पण पोचवतो.

कॉलेजच्या मागच्या गेटने ये. दौलत सर अडवतील. अनोळखी बाई दिसली की पेपरवाली समजतात, आधार कार्ड मागतात. वाद घालू नको. मी हेमालीची आई, एवढंच म्हण. त्यांना खोटं वाटेल, कारण आई नाही असं आम्हीच कॉलेजात सांगितलं होतं. सर माझ्याकडे बघतील. मी आत पायरीवर बसलेली असेन. शपथ काही असो, एवढं मी तोंडाने बोलेन, सगळ्यांसमोर, मोठ्याने. हो, हीच तिची आई.

पाचच्या आत ये गो.

तुझी वाट बघणारी,
आक्का