खोट्या कॉलचा रकाना

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

नाशिकहून निघताना बॅग मी सात वेळा काट्यावर चढवली. पुस्तकं काढली, चिवडा काढला, पण प्रेशर कुकर काढला नाही. तो कुकर मुंबई, दम्माम करत सौदीतल्या रास तनुराला एकही पोचा न पडता आला. शिट्टी नाशिकच्या ओट्यावर राहिली. जगाच्या इतिहासात याची दखल घेतली जाणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो: बावन्न वर्षांच्या, बऱ्यापैकी शिकलेल्या एका गृहस्थाने परदेशातल्या पहिल्या जेवणात वरणाऐवजी खजूर खाल्ले.

बाकी सगळं झकास. कंपाउंडात, म्हणजे परदेशी नोकरदारांच्या भिंतबंद वसाहतीत, मला व्हिला क्रमांक पंधरा मिळाला आहे. एकट्या माणसाला दोन बेडरूम, म्हणजे भांडण झालं तरी सोय आहे. चौदामध्ये श्रीपाद दातार आणि त्यांची बायको पद्मिनी. ते तेलाच्या पाइपलाइनवर, त्या शाळेत गणित शिकवतात. माझं दुःख ऐकून पद्मिनीवहिनी स्वतःच्या जुन्या कुकरची शिट्टी घेऊन आल्या. ही उसनी आहे, भेट नव्हे, असं दारातच बजावलं. मागचा शेजारी त्यांची किसणी घेऊन रियाधला गेला तो गेलाच. चारुदत्तराव, तुम्ही तसे दिसत नाही, पण तोही दिसत नव्हता, म्हणाल्या.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

कामाचं सांगतो. मालकांपैकी कुणी कोपनहेगनला जाऊन आलं आणि ठरवलं की आमच्या कंपाउंडात तातडीची वैद्यकीय सेवा डेन्मार्कसारखी चालेल. डेन्मार्क म्हणजे साठ लाख माणसं, आपला नाशिक जिल्हा. तिकडे एक नंबर फिरवायचा. पलीकडे शिकलेली नर्स असते. ती लक्षणांच्या यादीत बोट ठेवून अक्षर ठरवते. ए म्हणजे जिवावरचं, ई म्हणजे नुसता सल्ला. साधं दुखणं घेऊन थेट इस्पितळात घुसायचं नाही, आधी फोन, मग दार. आणि कुणाचं हृदय थांबलं तर आसपासच्या स्वयंसेवकांचे फोन वाजतात. एक जण येऊन छाती दाबू लागतो, दुसरा शॉकचं यंत्र आणतो, अ‍ॅम्ब्युलन्स नंतर. सुंदर कल्पना आहे. शेजाऱ्यांवर इतका विश्वास ठेवणारा देश मी पाहिलेला नाही.

आमच्या कंपनीने त्यात स्वतःचा मसाला घातला. इथे प्रत्येक रहिवासी रनर, म्हणजे धावून जाणारा स्वयंसेवक, आणि हृदयापुरता नव्हे, सगळ्यासाठी. शिवाय संगणक जुन्या कॉलवरून अंदाज बांधतो आणि फोन येण्याआधीच रनर धाडतो. डेन्मार्कवाल्यांना हे सुचलं नाही याचं माझे साहेब निमिष यांना फार वाईट वाटतं. निमिष पुण्याचे, वय अडतीस, टाय सदतीस वर्षं जुना.

मी रेकॉर्ड तपासायचं. शेजारच्या टेबलावर अरवा, इथलीच नर्स, कॉल घेते. माझं हिंदी तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज कर्तृत्व गाजवलं. फॉर्मवर ‘खोटा कॉल’ असा रकाना होता. दर तिसरा कॉल त्यात जायचा: संगणकाचा अंदाज चुकला, रनर पोचले, माणूस ठणठणीत. टक्केवारी लाजिरवाणी. मी तो रकानाच काढून टाकला. आता कॉल उघडला की एकाच तऱ्हेने बंद होतो: ‘रुग्ण मिळाला’, सोबत फोटो आणि क्लिनिकची पोच. तोवर रनरचा फोन दर अर्ध्या मिनिटाला थरथरत राहतो. उघडा कॉल नावावर असला की सुट्टीचा व्हिसा नाही, इकामाचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण नाही.

अरवाने विचारलं, मग ते चुकलेले कॉल जाणार कुठे. मी म्हटलं, लाजून आपापल्या घरी जातील. ती हसली नाही. निमिषनी केक मागवला.

बुधवार, १५ ऑक्टोबर

तीन दिवसांत आकडे शंभर टक्के. एकही चुकलेला कॉल नाही. मात्र एक गंमत: काही ठिकाणी रनर आधी पोचले आणि दुखापत नंतर झाली आहे. चार मिनिटं, सहा मिनिटं नंतर. मी घड्याळं तपासली. सर्व्हरवर भलत्याच देशाची वेळ असेल म्हणून तासभर झटलो. घड्याळं बरोबर आहेत.

लॉन्ड्रीतल्या इस्माईलचा हात इस्त्रीच्या वाफेच्या प्रेसमध्ये मनगटापर्यंत गेला. फोटो पाहिला. कातडी मोज्यासारखी उतरली आहे. रनर पाच मिनिटं आधीपासून तिथे होते. पाच जण.

पाच जण असताना हात आत गेला कसा, असं मी श्रीपादरावांना विचारलं. ते त्या पाचांत होते. त्यांनी चहात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. मग म्हणाले, फोनवर आलेल्या कार्डावर ‘हात’ लिहिलं होतं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज स्वतः पाहिलं. भर दुपारी टेनिस कोर्टाबाहेर. माझाही फोन थरथरला होता, मीही रनर आहे. कार्ड: पाय, ए. तिथे शर्विल नावाचा बँकेतला तरुण बुटाची नाडी बांधत होता. भोवती सात जण येऊन उभे राहिले. तो विचारत होता, काय झालं, कोणाला काय झालं. सगळ्यांच्या खिशांत फोन थरथरत होते. कुणीतरी हिंदीत सांगितलं, भाई, थोडा सहन कर. दोघांनी खांदे धरले. त्याची पोटरी बाकाच्या कडेवर ठेवली आणि एक जाडजूड गृहस्थ तिच्यावर उडी मारून उतरला. आवाज ऊस मोडल्यासारखा. हाड मोज्यातून बाहेर आलं. लगेच तेच सातही जण कामाला लागले. इतकी नीट बांधलेली फळी मी नाशिकच्या अ‍ॅम्ब्युलन्स कंट्रोल रूममधल्या वीस वर्षांत पाहिली नाही. फोटो. पोच. सगळे फोन एकदम गप्प.

तो गप्पपणा मलाही बरा वाटला. हे लिहायला नको होतं.

निमिषकडे गेलो. रकाना परत घाला म्हटलं. त्यांनी सांगितलं, फॉर्म बदलायला हेड ऑफिसची मंजुरी, एकवीस कामाचे दिवस. आणि चारुदत्तजी, आकडे तुमच्यामुळेच तर सुधारलेत.

रविवार, १९ ऑक्टोबर

बिटाच्या कोशिंबिरीचा रस लावून खोटी जखम पाठवून पाहिली. श्रीपादरावांचीच युक्ती, कार्ड ‘बोट’ होतं. क्लिनिकने फोडणीचा वास येतो म्हणून परत पाठवलं. कॉल पुन्हा उघडला. मग श्रीपादरावांनी स्वतःचं बोट दारात दिलं आणि मला दार लावायला सांगितलं.

मी लावलं.

बाहेर पोलिसांना कळवावं तर फॉर्मवर सही माझी आहे. दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवला. गेटवर गेलो. रखवालदाराने यंत्रावर बोट ठेवायला लावलं. नावावर आणखी एक उघडा कॉल आहे, खलास, आत जा.

सोमवार, २० ऑक्टोबर

व्हिला चौदा. डोकं. ए.

पळत गेलो. थांबवायलाच गेलो, एवढं तरी कुणी मान्य करावं. माझ्या आधी चौघे होते. पद्मिनीवहिनी ओट्यापाशी, दिवाळीच्या लाडवांसाठी वेलदोडे कुटत होत्या. हातात लोखंडी बत्ता. त्यांचाही फोन थरथरत होता, श्रीपादरावांचाही. कार्डावर बाई की पुरुष लिहिलं नव्हतं. वहिनींनी मला विचारलं, रकाना तुम्ही काढलात ना, मग सांगा, आम्हा दोघांतलं कोण. मी फोन बंद करायचा प्रयत्न करत होतो.

श्रीपादराव डायनिंगच्या खुर्चीवर बसले. चष्मा काढून माझ्या हातात दिला. काच सांभाळा, नवीन आहे, म्हणाले. वहिनींना म्हणाले, एकातच आटप.

एकात झालं नाही. चार लागले. दुसऱ्यानंतर ते उठायला बघत होते, तेव्हा चौघांनी धरलं. पाचवा मी. वेलदोड्यांचा वास आणि रक्ताचा वास एकत्र कसा येतो ते मला आता ठाऊक आहे. पाव मिनिटात वहिनींनी बत्ता टाकून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, दाब देऊन धरलं, श्वास मोजला. शिकवलं होतं तसं सगळं.

चष्मा अजून माझ्याकडे आहे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

सकाळी गेले.

अरवाने रेकॉर्ड बंद करताना मला वाचून दाखवलं. रनर पोचले: दुखापतीच्या तीन मिनिटं आधी. दर्जा: उत्कृष्ट. मग ती म्हणाली, लाजून घरी गेले ना तुमचे कॉल.

रकान्यासाठी पुन्हा अर्ज केला. मोजणी पुन्हा एकवीसपासून.

बुधवार, २२ ऑक्टोबर

झोप नाही. फोन फ्रीजमध्ये ठेवला. फ्रीज थरथरतो.

चौदामध्ये दोन माणसं होती, निदान विचारायला जागा होती. पंधरात मी एक—

चष्मा चौदाच्या दारात ठेवून आलो. शिट्टी न्यायची राहिली.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

दुपारी सव्वा. वरण लावलं होतं, दुसऱ्या शेगडीवर चहाचं आधण. फोन.

व्हिला पंधरा. भाजणे. ए.

कार्ड तीनदा वाचलं. माझाच फोन मला माझ्या घरी बोलावतो आहे. अंतर शून्य मीटर. मी वेळेत पोचलो आहे—

गॅस बंद केला. दोन्ही. आधण अजून उकळतं आहे.

खिडकीतून दिसतात. सहा. नाही, आठ. उन्हात रांगेने, पिवळी जाकिटं. सगळ्यांचे खिसे—

पुढे पद्मिनीवहिनी. पांढरी साडी, वर जाकीट. हातात चिमटा आणि जाड फडकं. डोळे सुजलेले. घाई नाही त्यांना.

दार वाजवलं. ठोकलं नाही, वाजवलं. शेजारी वाजवतात तसं.

कुकरची वाफ जाऊ दिली. शिट्टी काढली, साबणाने धुतली, पुसली. आतल्या भोकात डाळीचा कण अडकला होता, तो टाचणीने काढला. दिवाळी संपली नाही अजून, तेव्हा फार उशीर—

दार उघडलं. आधी शिट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी पाहिली, पदराच्या टोकाला बांधली, मान हलवली. बसा, म्हणाल्या, लिहिताय तेवढं पुरं करा.

आधणाचं भांडं त्यांनी उचललंय. मी वही जरा लांब धरतो, भिजली तर अक्षर