डिमसमची मुरड

प्रिय ताईस,

आज लिहू, उद्या लिहू म्हणत महिना गेला, तेव्हा आधी शिव्या घाल आणि मग वाच. तब्येत ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

चांगलं चायनीज शोधत इथली नऊ हॉटेलं पालथी घातली. दहाव्यात डिमसम मिळाले, पारी इतकी पातळ की आतलं सारण दिसावं. ते कसे करतात बघायला मुदपाकात डोकावलो, तर स्वयंपाकी म्हणाला, "बघतोस काय, हात धू." तू शिकवलेली करंजीची मुरड घातली आणि नोकरीच लागली. तिथेच बसून लिहितोय.

हे सहावं काम. परवा दांडी मारून स्टेशनवर बसलो होतो, पण गाडी सोडून परत आलो. टिकेन बहुतेक.

तुझा धाकटा

सही करतोय तोच बाबा आत आलेत, खोलीवर विचारून आले असावेत. माझ्याशी न बोलता स्वयंपाक्याला विचारताहेत, "हा रोज येतो का कामाला?"