नोर्गेहून आलेलं पत्र

औरंगाबाद,
२० फेब्रुवारी १९९४

प्रिय मनकर्णा,

या पत्रासोबत एक जुनं पाकीट आहे. माझं वाचायच्या आधी तू तेच हातात घेशील आणि वरचं तिकीट बघताच ओळखशील. पांढऱ्या डोंगरावर अधांतरी, पायांना लांब फळ्या बांधून पुढं झुकलेला तो माणूस. पाकीट फोडलेलं आहे. ते मी फोडलं. कधी आणि का, तेच सांगायला बसले आहे, पण क्रमानं सांगू दे, नाहीतर मधलं काहीतरी मी गाळीन.

वसतिगृहातली आपली अकरा नंबरची खोली आठवते ना? एकाच गावच्या आपण, पण गावाच्या दोन टोकांवरून आलेल्या, आणि इथं आपल्या खाटांमध्ये हातभर अंतर. कचरूदादा तेव्हा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरला होता. परदेशातून यंत्रांचे सुटे भाग यायचे, त्यांच्या पाकिटांवरची तिकिटं तो कापून तुझ्यासाठी, आपल्या धाकट्या बहिणीसाठी, जपून ठेवायचा. तू ती कोमट पाण्यात सोडवून वहीत चिकटवायचीस. त्यातच एकदा अगदी असंच तिकीट आलं. त्यावर 'नोर्गे' लिहिलेलं होतं आणि नकाशात नोर्गे काही सापडेना. शेवटी इंग्रजीच्या सरांनी सांगितलं, नॉर्वेचे लोक आपल्या देशाला तसं म्हणतात. हा त्यांचा बर्फावरून उडी मारणारा विजेता, त्याच्या सन्मानासाठी हे तिकीट काढलंय. आपल्याला बर्फ माहीत तो लाकडाच्या भुशात ठेवलेल्या लादीपुरता. मी म्हणाले, "हा तर तोंडावर पडतोय." तू तिकीट उजेडाला धरलंस आणि म्हणालीस, "पडणाऱ्याचे हात असे अंगाला चिकटलेले नसतात गं. पडणारा काहीतरी धरायला बघतो."

त्याला पत्र लिहायचं डोकंही तुझंच. तिकिटावरचं नाव एकेक अक्षर उतरवलंस, खाली पत्ता फक्त 'टपाल खाते, नॉर्वे'. इंग्रजी चार वेळा खोडलंस. आमच्याकडं बर्फ पडत नाही असं सांगून विचारलं होतंस एवढंच, की वर उभं असताना भीती वाटते का, आणि वाटली तर तुम्ही काय करता? मी पोट धरून हसले होते. अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत पत्र पेटीत पडलं आणि आपण विसरूनही गेलो. जूनमध्ये बी.ए.चा निकाल लागला, तुला माझ्यापेक्षा एकतीस गुण जास्त. एम.ए.चे अर्ज भरले, खोली तीच मागून घेतली. माझा थोरला भाऊ तात्यासाहेब दोनदा येऊन "खोली बदल" म्हणून बजावून गेला होता. मी हो म्हणाले आणि बदलली नाही. तेवढ्यावर मी स्वतःला धीट समजत होते.

मग जुलै संपता संपता विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. तू शहरात होतीस. मी पंचमीसाठी गावी गेलेली. त्या दुपारी ओरडा ऐकून मी माळवदावर चढले. तिथून तुमची वस्ती सरळ दिसते. मनकर्णा, मी सगळं पाहिलं. तुझे वडील, कडुबाकाका, शेळ्या सोडून देत होते आणि पुन्हा पुन्हा आत जात होते. तुझी पुस्तकं बाहेर काढत होते हे मला नंतर कळलं. जमावाच्या पुढं तात्यासाहेब होता, हातात रॉकेलचा डबा. तुमच्या घरावर तो त्यानं स्वतः उपडा केला. परतताना त्यानं मान वर केली आणि मी उभी असलेली त्याला दिसले. त्या दिवसापासून त्यानं मला कधी शब्दानं दुखवलं नाही. माझी नोकरी, माझं एकटं राहणं, सगळं त्यानं चालवून घेतलं. का, ते आम्हा दोघांना माहीत होतं.

आठ दिवसांनी पोलीस जबानी घ्यायला आले. तात्यासाहेब दारातच उभा होता. "ही घरात व्हती, हिला काय ठावं," तो म्हणाला. फौजदारानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "हो, मी आत होते." पुढं कचरूदादा तुझी ट्रंक न्यायला वसतिगृहावर आला. फाटकाशी त्यानं विचारलं, "तू गावातच व्हतीस ना गं? कोण कोण व्हतं?" त्यालाही मी तेच सांगितलं. तो ट्रंक खांद्यावर घेऊन चालू लागला. साक्षीदार नाही म्हणून तुमची केस पडली. हे तुला माहीत आहे. साक्षीदार होता, हे माहीत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये हे पाकीट आलं. तुझ्या नावचं. मी फोडलं आणि ठेवून घेतलं, कारण तुझ्यापर्यंत पोचवायचं तर कचरूदादासमोर जावं लागलं असतं. तिकिटावरचा तो माणूस लिहितो, की उडी मारताना भीती वाटत नाही, उडीच्या मनोऱ्याच्या पायऱ्या चढताना वाटते. चौदाव्या वर्षी तो वरपर्यंत गेला आणि तसाच पायऱ्यांनी खाली उतरला. सगळे बघत होते, कुणीही हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा चढला. आता तो सुतारकाम करतो. तुमच्याकडं बर्फ नाही हे वाचून वाईट वाटलं, असंही लिहिलंय. हे पत्र मी किती वेळा वाचलं असेल सांगता येत नाही. तुझं पत्र माझ्याकडं पंधरा वर्षांवर राहिलं, ही चोरीच आहे. तिला दुसरं नाव देत नाही.

मागच्या रविवारी मी गावी गेले. वाळूजच्या कारखान्यांनी आपलं शिवार गिळलंय, तात्यासाहेब आता प्लॉट विकतो, पांढरी गाडी आहे. आईच्या देखत त्याला सांगितलं, की त्या दुपारचं सगळं मी लिहून काढलंय, नावासकट. तो आधी हसला. "कोर्टाचं कवाच मिटलं. आता कुनाला दाखवायचंय?" मी म्हणाले, "मनकर्णाला." तेव्हा त्याचा चेहरा उतरला. आई मधे पडली, भावाच्या लेकरांकडं बघ म्हणाली. मी म्हणाले, त्यांच्याकडं बघूनच लिहिलंय. तात्यासाहेब उठून दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "मग ह्या घरात पुन्यांदा येऊ नगं." मी चपला घातल्या. जीपमध्ये बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. लई भूक लागली होती.

तिथून सरळ मुकुंदवाडीला गेले. कचरूदादा रेल्वे स्टेशनामागं राहतो हे मला दहा वर्षं माहीत होतं. त्यानं मी लिहून काढलेली जबानी उभ्यानं वाचली, शेवटच्या पानावर मात्र खाली बसला. कडुबाकाका गेल्याचं मला तिथं कळलं. म्हणाला, "इतकी वर्षं लागली व्हय गं?" मी हो म्हणाले. वहिनींनी चहा ठेवला. मी तो प्याले. निघताना दादा म्हणाला, "मला सांगून काय उपेग नाय. तिला लिही." जबानीची प्रत सोबत जोडली आहे. वकिलाकडं न्यायची की चुलीत घालायची, ते तू ठरव. नेलीस तर मी उभी राहीन, आणि जे पाहिलं ते मोठ्यानं सांगेन.

आता, सोळा वर्षांनी आजच का, ते सांगते. मी विद्यापीठातच परीक्षा विभागात आहे. गेल्या महिन्यात विद्यापीठाला नाव लागलं आणि या तीन तारखेच्या टपालात नाशिकहून एक अर्ज आला. 'सन १९७८ ची बी.ए. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागेपर्यंत पदवी प्रमाणपत्र घ्यायचे नाही, असे ठरवले होते. आता द्यावे.' खाली मनकर्णा कडुबा साळवे. अक्षर बदललेलं नाही. शेजारच्या टेबलावरचे बद्रीनाथ म्हणाले, "सोळा वर्षं ही बाई होती कुठं?" मी म्हणाले, "वाट बघत होती," आणि अर्ज माझ्याकडं ओढून घेतला. तू आपल्या शब्दाला एवढी वर्षं जागलीस आणि मला एक वाक्य बोलता आलं नव्हतं. तो कागद समोर ठेवून त्या दिवशी मी दुसरं काही काम केलं नाही. तुझं प्रमाणपत्र तयार आहे. वर विद्यापीठाचं नवं नाव, खाली तुझं, मी माझ्या हातानं लिहिलेलं. रजिस्टर पोस्टानं हवं असेल तर कार्यालयाच्या नावे दोन ओळी टाक, माझ्याशी बोलायची गरज पडणार नाही. स्वतः येणार असशील तर खिडकी नंबर तीन, अकरा ते दोन. जाळीमागं मी असते. रजिस्टर पुढं करीन, तू सही कर आणि तुझी पदवी घेऊन जा. त्यानंतर थांबायचं की नाही, ते तुझ्या मनावर.

एके काळी तुझ्या शेजारच्या खाटेवरची,
द्वारका