गॅरेज म्हणजे आडोसा

प्रिय टिल्ले,

चौथीनंतर मी पेन धरलं ते सही करण्यापुरतं, तेव्हा अक्षराला हसू नकोस. परवा फोनवर तू सांगितलंस ना, की इंग्रजीतले कितीतरी साहेबी शब्द मुळात फ्रेंचांचे, तेव्हापासून मी शेजारणीला पिडतेय. बुके म्हणजे झाडांचा झुपका, आणि शोफर, म्हणजे साहेबांचा ड्रायव्हर, तो म्हणे मुळात भट्टी पेटती ठेवणारा. मी तिला म्हटलं, मग या घरातली शोफर मीच, जन्मभर चुलीपुढे. आमचे हे नुसतेच मालकांची गाडी चालवायचे. गुडघे धरून हसलो दोघी. बरं वाटलं गं. हल्ली हसायलाही अंगात त्राण लागतं.

आजोबा तसेच आहेत. झटका आल्यापासून तोंडात एकच शब्द उरलाय, गॅरेज. दिवेलागणीला सुरू होतात. तुझा बाबा बिचारा कामावरून आल्या आल्या त्यांना चाकाच्या खुर्चीतून खाली नेतो, शटर वर करतो, गाडी दाखवतो. हे मान फिरवतात, रडकुंडीला येतात. मग परत वर आणा, कूस बदला, चादर बदला. माझे खांदे पार गेलेत.

आणि तू म्हणालीस, गॅरेज म्हणजे मुळात आडोशाला नेऊन ठेवणं. फोन ठेवला नि मनात आलं, ह्यांना कुठलं आलंय फ्रेंच? पण आठवलं, मालकांची गाडी गॅरेजात लावली की ह्यांचा दिवस संपायचा. घरी येऊन बूट काढायचे, आडवे व्हायचे, मी अंगावर पांघरूण टाकायची. काल मी बाबाला खाली नेऊच दिलं नाही. दिवा मालवला, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, हात धरून बसले. तान्ह्या बाळासारखे झोपले गं. मला इतका आनंद झाला, की भांडी तशीच टाकून मीही लवंडले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सोमवारी बाबा त्यांना शुश्रूषागृहात ठेवणार आहे. मी नको म्हटलं नाही. नको म्हणायलाही हातात जोर लागतो. तिथल्या नर्सबाई मायाळू दिसल्या, पण त्या बिचाऱ्या गाडीच शोधत बसतील. तेव्हा तुझ्या ठळक, सुरेख अक्षरात एक कागद लिहून पाठव, खाटेच्या वर लावायला. हे गॅरेज म्हणाले की कुठे नेऊ नका, पांघरूण घाला आणि थोडा वेळ हात धरा. माझं गिचमीड तिथे कोण वाचणार?

तुझीच,
चुलीपुढची शोफर, आजी